सील निघाल्यानंतरची हवा

मार्च २०२४ मध्ये मुंबई गुन्हे शाखेनं कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळी गावच्या शिवारात छापा टाकला आणि शंभर किलोहून अधिक मेफेड्रोन हा अमली पदार्थ पकडला. त्याच्या महिनाभर आधी मेफेड्रोनच्याच प्रकरणात पुणे पोलिसांचा तपास कुरकुंभमार्गे कुपवाडपर्यंत पोचला होता. जानेवारी २०२५ मध्ये विट्याजवळच्या कार्वे औद्योगिक वसाहतीतला कारखाना सांगली पोलिसांनी उघडकीला आणला. डिसेंबर २०२५ मध्ये पाळी साताऱ्याची आली. जावळी तालुक्यात, कोयनेच्या जलाशयालगतच्या डोंगराळ भागात, सावरी गावाजवळच्या शेडवर कारवाई झाली. प्रत्येक वेळी बातमी किलोत आणि कोटींत मोजली गेली. आरोपी कोण, सूत्रधार कोण, माल कुठं जायचा, यावर चार दिवस चर्चा झाली आणि मग शेडला कुलूप लागलं.

शेड मात्र जागेवरच राहतं. कधी ना कधी तपास पुढं सरकतो, न्यायालयाच्या परवानगीनं सील निघतं, जागा मालकाच्या ताब्यात येते. मालकाला कर्जाचा हप्ता भरायचा असतो, भाडेकरू हवा असतो. कुणाला तिथं पोल्ट्री सुरू करायची असते, कुणाला बेदाणा साठवायचा असतो, कुणी ऊसतोडीच्या कुटुंबाला चार महिने राहायला खोली देतो. त्या दिवशी त्या चार भिंतींच्या आतली हवा श्वासात घेण्यासारखी आहे का, हे कुणी विचारत नाही. छापा टाकणाऱ्यांचं ते काम नाही, न्यायालयापुढचा तो प्रश्न नाही. तो प्रश्न मालकानं, नव्या भाडेकरूनं, शेजाऱ्यानं आणि ग्रामपंचायतीनं विचारायचा आहे. कसा विचारायचा आणि उत्तर कसं वाचायचं, ते इथं सांगतो.

आधी हे समजून घ्या की अशा जागेत दोन वेगवेगळ्या गोष्टी उरतात. एक म्हणजे बाष्प. रासायनिक कामात लागणारे विद्रावक, म्हणजे टोल्युईन, ॲसिटोन, डायक्लोरोमिथेन (आपल्या औद्योगिक वसाहतीत कामगार ज्याला ‘एमडीसी’ म्हणतात), क्लोरोफॉर्म यांसारखी द्रव्यं. त्यांच्या जोडीला आम्लांची आणि अमाईन वर्गातल्या रसायनांची वाफ, आणि डोळ्यांना झोंबणारे ब्रोमिनयुक्त पदार्थ. दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीवर, पंख्याच्या पात्यांवर, खिडकीच्या कडांवर बसलेली भुकटी आणि चिकट थर. हवेची चाचणी पहिल्या गोष्टीबद्दल बोलते, दुसरीबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. म्हणून जिथं माल नुसता साठवला होता त्या गोदामाची आणि जिथं तो बनवला होता त्या शेडची तपासणी एकसारखी करून चालत नाही. साठवणुकीच्या जागेत पुसून घेतलेले नमुने आधी. बनवण्याच्या जागेत हवा आधी.

बाष्पाबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज असा, की दारं-खिडक्या आठवडाभर उघडी ठेवली की सगळं उडून जातं. मोकळ्या हवेत सांडलेलं ॲसिटोन उडून जातं हे खरं. पण शेडमध्ये सिमेंटचा कोबा असतो, गिलावा असतो, लाकडी फळ्या, बारदान, थर्माकोलचं अस्तर, जुन्या गाद्या असतात. महिनोन्महिने बाष्प अंगावर घेतलेल्या या वस्तू ते आत मुरवून ठेवतात आणि नंतर हळूहळू सोडतात. खोली उघडी असते तोवर हवा चांगली भासते. दार लावलं, पत्रा उन्हानं तापला की दुपारी तीन वाजता तीच भिंत पुन्हा वास सोडायला लागते. वर चुना किंवा रंग मारणं हा तर सगळ्यात वाईट उपाय. डाग झाकला जातो, भिंतीत मुरलेलं द्रव्य तिथंच राहतं, आणि पुढच्या तपासणीत खरी परिस्थिती कळणं अवघड होतं.

दुसरा गैरसमज नाकाबद्दलचा. ‘आता वास येत नाही’ हे वाक्य मालक, दलाल, कधी कधी डॉक्टरही बोलून जातात. टोल्युईनचा वास माणसाला बराच लवकर येतो. डायक्लोरोमिथेनचं तसं नाही. त्याचा गोडसर वास सामान्य माणसाला हवेत साधारण दोनशे पीपीएमच्या आसपास जाणवतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत दोनशे भाग. अमेरिकेत कामगारांसाठी आठ तासांची सरासरी मर्यादा होती २५ पीपीएम, आणि २०२४ मध्ये तिथल्या पर्यावरण संस्थेनं ती आणखी खाली आणली. क्लोरोफॉर्मची कथा तशीच. वास येण्याच्या कितीतरी आधी धोका सुरू झालेला असतो. शिवाय नाक थकतं. दहा मिनिटं त्याच हवेत बसलं की जाणवणारा वासही जाणवेनासा होतो. त्यात आपण फिनेल टाकतो, अगरबत्ती लावतो, धूप जाळतो. ज्या जागेचा इतिहास माहीत आहे तिथं नाकाचा उपयोग एकाच कामाला: वास आला तर बाहेर पडा. वास आला नाही, याचा कोणताही अर्थ काढू नका.

आत जाण्यापूर्वी

सांगलीजवळच्या हरिपूरची हळद साठवायची जमिनीखालची पेवं जुन्या माणसांना आठवत असतील. बरेच दिवस बंद असलेलं पेव उघडलं की कुणी लगेच खाली उतरत नसे, कारण आतल्या हवेत श्वास गुदमरू शकतो हे पिढ्यानपिढ्या ठाऊक होतं. अनेक महिने सीलबंद राहिलेल्या शेडकडं त्याच सावधपणानं बघा. फरक एवढाच, की इथं कंदील किंवा पेटती काडी नेऊन पाहणं जिवावर बेतेल. टोल्युईनची वाफ हवेत १.१ टक्का झाली तरी पेट घेऊ शकते, आणि ते द्रव्य अवघ्या ४ अंश सेल्सिअसलाही पेटण्याजोगी वाफ सोडतं. ॲसिटोन तर शून्याखाली वीस अंशांवरही. म्हणून दार उघडताना विजेचं बटण दाबू नका, बॅटरी आत गेल्यावर चालू करू नका, मोबाईल बाहेर ठेवा, पंखा किंवा एक्झॉस्ट आतून सुरू करू नका. मेन स्विच बाहेर असेल तर वीज कंपनीच्या माणसाकरवी तो आधीच बंद करून घ्या.

या बहुतेक द्रव्यांची वाफ हवेपेक्षा जड असते. टोल्युईनची सुमारे तिप्पट, डायक्लोरोमिथेनचीही जवळपास तेवढीच. ती खाली बसते, उताराकडं वाहते, मोरीत, गटारात, शोषखड्ड्यात, सेप्टिक टाकीत, वजनकाट्याच्या खड्ड्यात साठून राहते. उभ्या माणसाला काही जाणवत नाही आणि वाकून मोरी साफ करणाऱ्याला चक्कर येते. रांगणारं मूल, जमिनीवर झोपणारा कामगार, गोठ्यात बसलेली जनावरं यांना सगळ्यात जास्त त्रास होण्याचं कारण हेच. ‘आधी शेळी बांधून बघू’ असं सुचवणारे लोक गावोगाव भेटतात. तसं करू नका. शेळी जगली म्हणून माणसानं वर्षभर तिथं झोपावं असं काही त्यातून सिद्ध होत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ पासून अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. जागा सील आहे तोवर ती पुरावा आहे, आणि सीलला हात लावणं, आतलं सामान हलवणं, भिंती धुणं हा गुन्हा ठरू शकतो. तपास अधिकाऱ्याकडून किंवा न्यायालयाकडून जागा मोकळी झाल्याचा लेखी आदेश हातात आल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. आदेश घेतानाच आणखी एक कागद मागा: पंचनाम्यात आणि जप्तीच्या यादीत नोंदवलेल्या रसायनांची यादी. मालक म्हणून मिळत नसेल तर वकिलामार्फत न्यायालयाकडं अर्ज करा. या यादीविना केलेली हवेची चाचणी बहुतेकदा वाया जाते. का, ते पुढं कळेल.

यंत्राला काय दिसतं, काय दिसत नाही

एखाद्या खासगी प्रयोगशाळेत फोन करून ‘आमच्या शेडची हवा तपासायची आहे’ एवढंच सांगितलं तर काय होतं? बहुतेक प्रयोगशाळा सभोवतालच्या हवेच्या राष्ट्रीय मानकांतले, नोव्हेंबर २००९ मध्ये ठरलेले १२ घटक मोजतात: धूलिकण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, शिसं, कार्बन मोनॉक्साइड, अमोनिया, बेंझिन आणि असेच. या बारांत टोल्युईन नाही, ॲसिटोन नाही, डायक्लोरोमिथेन नाही, क्लोरोफॉर्म नाही. अहवाल येतो, सगळे आकडे मर्यादेत असतात, खाली सही-शिक्का असतो. मालक खूश, भाडेकरू निर्धास्त. आणि जे शोधायला हवं होतं ते कुणी शोधलेलंच नसतं. म्हणून यादी आधी, प्रयोगशाळा नंतर. यादी हातात ठेवून विचारा: यातली कोणती द्रव्यं तुम्ही मोजता, कोणत्या पद्धतीनं, किती कमी प्रमाणापर्यंत? प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएल या संस्थेची मान्यता आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती मान्यता ठरावीक घटकांसाठी आणि ठरावीक पद्धतींसाठी असते. तिची यादी मागून घ्या आणि तुमचं द्रव्य तीत आहे का ते बोट ठेवून पाहा.

पहिली फेरी हातात धरायच्या यंत्रांची असते, आणि ती प्रशिक्षित माणसानंच, योग्य मास्क लावून, बाहेर दुसरा माणूस उभा ठेवून करायची. औद्योगिक वसाहतीतल्या मोठ्या रासायनिक कारखान्यांच्या सुरक्षा विभागात अशी माणसं असतात. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडंही मार्गदर्शन मागता येतं. क्रम ठरलेला आहे. आधी प्राणवायू: १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर मागं फिरा. मग ज्वलनशील वाफ: स्फोटाच्या किमान मर्यादेच्या दहा टक्के आकडा दिसला तरी मागं फिरा. त्यानंतरच विषारी बाष्प.

विषारी बाष्पासाठी जे यंत्र सर्रास वापरलं जातं त्याचं नाव पीआयडी. अतिनील दिव्याच्या उजेडात बाष्पाच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात आणि यंत्र ते मोजतं. बाजारातल्या बहुतेक यंत्रांत १०.६ इलेक्ट्रॉन व्होल्टचा दिवा असतो. टोल्युईनला ८.८ पुरतात, ॲसिटोनला ९.७, म्हणून ती दोन्ही दिसतात. डायक्लोरोमिथेन आणि क्लोरोफॉर्म यांना ११.३च्या वर लागतात, हायड्रोक्लोरिक आम्लाच्या वाफेला १२.७. म्हणजे खोली डायक्लोरोमिथेननं भरलेली असली तरी हे यंत्र शांतपणे शून्य दाखवेल! हा यंत्राचा बिघाड नाही, त्याची मर्यादा आहे. पण यंत्र धरणाऱ्यानं ती सांगितली नाही तर ऐकणारा फसतो. ११.७चा दिवा मिळतो, तो महाग असतो आणि लवकर निकामी होतो, तरी यादीत क्लोरीनयुक्त विद्रावक असतील तर तोच मागा. नाहीतर त्या विशिष्ट द्रव्यासाठीची रंग बदलणारी काचनळी वापरायला सांगा. पंपानं हवा नळीतून ओढायची आणि रंग किती अंतरापर्यंत बदलला ते वाचायचं, इतकं ते सोपं आहे.

आणखी एक तपशील. पीआयडीवरचा आकडा आयसोब्युटिलीन नावाच्या वायूच्या हिशेबात असतो. समोर टोल्युईन असेल तर तो साधारण निम्मा करून वाचावा लागतो. ‘यंत्रावर वीस आलं’ या वाक्याला, कशाचे वीस हे कळल्याशिवाय अर्थ नाही.

आम्ल आणि अमाईन यांच्यासाठी साधा पीएच कागद पुष्कळ उपयोगी पडतो. शुद्ध पाण्यात भिजवून मोरीजवळ, कपाटात, बंद पिंपाच्या आसपासच्या हवेत धरायचा. लालसर झाला तर आम्लाची वाफ, निळसर झाला तर अमोनिया किंवा अमाईन. पण इथं आपल्या भागाचं वास्तव ध्यानात घ्यायला हवं. कराड-तासगाव भागातल्या पोल्ट्री शेडमध्ये कागद निळा होणारच, कारण कोंबड्यांच्या विष्ठेतून अमोनिया येतो. तासगाव-कवठेमहांकाळच्या बेदाणा शेडमध्ये गंधकाची धुरी दिलेली असते, तिथं कागद लाल होऊ शकतो. शीतगृहाला लागून असलेल्या गाळ्यात अमोनियाची गळती असू शकते. म्हणून शेड आधी कशासाठी वापरलं जात होतं हे तपासणाऱ्याला मोकळेपणानं सांगा. आणि शेजारच्या, इतिहास नसलेल्या तशाच शेडमध्ये तीच चाचणी करून दोन्ही निकाल शेजारी ठेवा. हा तुलनेचा नमुना घ्यायला बहुतेक लोक पैसे वाचवण्यासाठी नकार देतात. माझ्या मते सगळ्या खर्चात हाच सर्वांत सार्थ.

घरगुती हवा-मापक यंत्रांबद्दल बरेच जण विचारतात. ती धूलिकण बऱ्यापैकी मोजतात. ‘टीव्हीओसी’ (एकूण सेंद्रिय बाष्प) म्हणून जो आकडा दाखवतात तो फोडणी दिली, नेलपॉलिश उघडलं, फरशी फिनेलनं पुसली तरी वर जातो, आणि कोणतं द्रव्य आहे ते ओळखू शकत नाही. अशा जागेच्या निर्णयासाठी त्यांच्यावर विसंबू नका.

नमुना कधी, कुठं, किती

पहिल्या फेरीत धोका दिसला तर आधी मूळ काढा, मग चाचणी करा. उरलेली पिंपं, कॅन, चिंध्या, बारदान, थर्माकोल, माती हे सगळं घातक कचऱ्यात मोडतं. २०१६चे घातक कचरा नियम त्याला लागू होतात, आणि तो अधिकृत वाहतूकदारामार्फत अधिकृत प्रक्रिया केंद्रातच जायला हवा. आपल्याला जवळचं असं केंद्र पुणे जिल्ह्यातल्या रांजणगाव औद्योगिक वसाहतीत आहे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं सांगली आणि सातारा दोन्हीकडं आहेत. तिथं लेखी अर्ज द्या, पोच घ्या. रात्री ओढ्यात ओतणं किंवा बांधावर जाळणं हा मार्ग कुणीही सुचवला तरी ऐकू नका. क्लोरीनयुक्त विद्रावक जळले की हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होऊ शकतो. ओढ्यात ओतलेलं ओढ्यात राहत नाही, विहिरीत उतरतं.

साफसफाई आणि काही दिवसांची मोकळी हवा झाल्यावर खरी चाचणी. इथं एक गोष्ट फार लोक चुकवतात: खोली उघडी ठेवून नमुना घेतात. उघड्या खोलीची हवा म्हणजे शिवाराची हवा, ती चांगलीच येणार. नमुन्याच्या आधी दारं-खिडक्या चोवीस तास बंद ठेवा, पंखे बंद, आत कुणी नाही, रंग-फिनेल-अगरबत्ती काही नाही. नमुना दुपारी, पत्रा तापलेला असताना घ्या. सांगलीत मार्च ते मे हा त्यासाठी योग्य काळ. जावळी-महाबळेश्वरच्या पट्ट्यात पावसाळ्यात घेतलेल्या नमुन्यावर मी भरवसा ठेवणार नाही. एक तर गारव्यात बाष्प कमी सुटतं, दुसरं म्हणजे हवेतली आर्द्रता फार वाढली की कोळशाच्या नळीची बाष्प धरून ठेवायची ताकद कमी होते.

कोळशाची नळी म्हणजे काय तेही पाहू. बोटाएवढ्या काचेच्या नळीत नारळाच्या कवटीपासून केलेला सक्रिय कोळसा दोन कप्प्यांत भरलेला असतो, पुढं १०० मिलिग्रॅम आणि मागं ५०. छोट्या पंपानं ठरावीक वेगानं हवा तीतून ओढतात, नळी दोन्ही बाजूंनी बंद करून थंड पेटीत प्रयोगशाळेत पाठवतात, आणि तिथं गॅस क्रोमॅटोग्राफवर एकेक द्रव्य वेगळं करून मोजतात. मागच्या कप्प्यात पुढच्याच्या दहा टक्क्यांहून जास्त द्रव्य सापडलं तर नळी भरून वाहिली असं समजायचं आणि नमुना पुन्हा घ्यायचा. अहवालात दोन्ही कप्प्यांचे आकडे दिले आहेत का, ते पाहा. राहत्या खोलीसाठी फार कमी प्रमाण मोजायचं असेल तर आतून निर्वात केलेला स्टीलचा डबा वापरणारी किंवा उष्णतेनं बाष्प सोडवून घेणाऱ्या नळीची पद्धत जास्त चांगली. ती पुण्या-मुंबईच्या मोठ्या प्रयोगशाळांत विचारावी लागेल.

जागा निवडताना तीन उंच्यांवर विचार करा: उभ्या माणसाच्या नाकाजवळ, झोपलेल्या माणसाच्या नाकाजवळ आणि मोरी किंवा खड्ड्याच्या तोंडाशी. त्यात जिथं काम चालायचं ती जागा असायलाच हवी, म्हणजे जमिनीवर डाग, कोब्यावर खड्डे, पत्र्यावर गंज आणि भिंतीवर पिवळेपणा दिसतो तो कोपरा. शेजारच्या राहत्या खोलीतला एक नमुना आणि बाहेर, वाऱ्याच्या वरच्या बाजूला एक. शिवाय एक कोरी नळी, जी तिथंच उघडून लगेच बंद केली आणि इतरांबरोबर पाठवली. कोऱ्या नळीतही द्रव्य सापडलं तर दोष वाहतुकीचा किंवा हाताळणीचा.

आकडे वाचताना

अहवालात ‘आढळले नाही’ असं लिहिलेलं असेल तर लगेच शेजारचा रकाना बघा: किती प्रमाणापर्यंत शोधता आलं असतं? ती मर्यादाच मोठी असेल तर ‘आढळले नाही’ला काही किंमत नाही.

दुसरी गोष्ट, कोणत्या मापदंडाशी तुलना केली आहे. कारखाना अधिनियमात टोल्युईनची मर्यादा १०० पीपीएम, म्हणजे घनमीटरमागं ३७५ मिलिग्रॅम होती. ती मर्यादा धडधाकट प्रौढ कामगारासाठी, आठ तासांच्या पाळीसाठी, उरलेले सोळा तास तो स्वच्छ हवेत असेल असं धरून ठरवलेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २००० साली सर्वसामान्य लोकांसाठी दिलेलं मार्गदर्शक मूल्य आठवड्याच्या सरासरीला ०.२६ मिलिग्रॅम आहे. दोन्हींत चौदाशे पटींहून जास्त अंतर! डायक्लोरोमिथेनसाठी त्याच संघटनेचं मूल्य चोवीस तासांना ३ मिलिग्रॅम. शेडमध्ये पुन्हा कारखानाच चालणार असेल तर कामगारांचे मापदंड लावता येतील. तिथं कुणी झोपणार, स्वयंपाक करणार, पोरं वाढणार असतील तर ते लावणं चूक आहे, मग अहवालावर कितीही मोठा शिक्का असो. आणि एककं तपासा. टोल्युईनचा एक पीपीएम म्हणजे सुमारे ३.८ मिलिग्रॅम, मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅमची गल्लत झाली तर हजारपट फरक पडतो.

अमली पदार्थांच्या कारखान्यातून सुटलेल्या जागेसाठी आपल्याकडं वेगळा मापदंड नाही. बाहेरच्या देशांत मेथॅम्फेटामिनसाठी आहेत, तेही भिंतीवरच्या थरासाठी: शंभर चौरस सेंटिमीटर जागा पुसून घेतलेल्या नमुन्यात ऑस्ट्रेलियात ०.५ मायक्रोग्रॅम, कॅलिफोर्नियात १.५. मेफेड्रोनला ते जसेच्या तसे लागू होत नाहीत. न्यूझीलंडचा अनुभव इथं सांगण्यासारखा आहे. तिथं जिथं पदार्थ बनवला जायचा अशा घरांसाठीची काळजी, जिथं कुणी नुसता तो ओढला होता अशा घरांनाही लावली गेली आणि अनेक गरीब भाडेकरूंना सरकारी घरं सोडावी लागली. २०१८ मध्ये पंतप्रधानांच्या मुख्य विज्ञान सल्लागारांच्या अहवालानं त्या भीतीला आधार नसल्याचं दाखवलं, आणि गृहनिर्माण संस्थेला माफी मागावी लागली. म्हणून घाबरून शेजारची चार घरं रिकामी करू नका. मोजा, तुलना करा, मग ठरवा. पण मोजण्याआधीच ‘काही होत नाही’ म्हणणं हाही तितकाच अन्याय आहे, आणि आपल्याकडं तोच जास्त घडतो.

थरासाठी पुसून घेण्याचे नमुने पंख्याच्या पात्यावरून, ट्यूबलाइटच्या पट्टीवरून, दाराच्या वरच्या चौकटीवरून घ्यायला सांगा. तिथं कुणी फडकं फिरवत नाही. सापडलं तर गुळगुळीत पृष्ठभाग साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायचे आणि ते पाणीही गोळा करायचं. गिलावा, लाकूड, थर्माकोल धुऊन सुटत नाही. काढून टाकणंच स्वस्त पडतं.

विहीर आणि बोअर विसरू नका. सांडपाणी शोषखड्ड्यात सोडलं असेल तर पाण्याचा नमुनाही त्याच द्रव्यांसाठी तपासा, नेहमीच्या क्षार आणि जीवाणूंच्या चाचणीत ती दिसत नाहीत. पाणी दूषित असेल तर बंबात तापवताना ते बाष्प न्हाणीघरात सुटतं, म्हणजे शेडपासून दूर राहणारी माणसंही हवेतून ते घेत असतात. डायक्लोरोमिथेनसाठी पिण्याच्या पाण्यातलं जागतिक मार्गदर्शक मूल्य लिटरमागं २० मायक्रोग्रॅम आहे.

शेडशेजारी राहणाऱ्यांनी स्वतःच्या शरीराकडंही लक्ष द्यावं. डोकेदुखी, मळमळ, डोळ्यांची आग, झोपेतून उठल्यावर जड डोकं, आणि दोन दिवस गावाला गेल्यावर बरं वाटणं, ही खूण महत्त्वाची. डॉक्टरांना जागेचा इतिहास स्पष्ट सांगा, लाजू नका. तुम्ही गुन्हा केलेला नाही. डायक्लोरोमिथेन शरीरात गेल्यावर त्याचं काही अंशी कार्बन मोनॉक्साइड होतं, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी निकाल येईपर्यंत तिथं राहूच नये. कुणी बेशुद्ध पडलं तर वाचवायला आत धावू नका, १०८ आणि १०१ला फोन करा. विषबाधेच्या सल्ल्यासाठी दिल्लीच्या एम्समधलं राष्ट्रीय विष माहिती केंद्र १८००११६११७ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असतं. ही माहिती डॉक्टरांनाही द्या. शेजारच्या बंद शेडमधून रात्री उग्र वास, सतत चालणारा एक्झॉस्ट, निळ्या पिंपांची ये-जा दिसत असेल तर स्वतः डोकावायला न जाता ११२ किंवा अमली पदार्थविरोधी १९३३ या क्रमांकावर कळवा.

एका चाचणीवर थांबू नका. जानेवारीतला निकाल चांगला आला असेल तर एप्रिलच्या उन्हात तीच चाचणी, त्याच जागी, त्याच पद्धतीनं पुन्हा करा. दोन्ही वेळचे अहवाल, रसायनांची यादी, न्यायालयाचा आदेश आणि कचरा नेल्याच्या पावत्या सातबारा किंवा गाळ्याच्या कागदांबरोबर एकत्र ठेवा. भाडेकरार करताना त्यांची प्रत भाडेकरूला द्या आणि दिल्याची नोंद करारात करा. भाडेकरू असाल, आणि जागेबद्दल गावात काही ऐकलं असेल, तर अनामत देण्याआधी हे कागद मागा. मालक ते दाखवायला तयार नसेल तर दुसरी जागा बघा.